बाल्डर्स गेट ३ मध्ये चांगला खेळू की वाईट? नवीन लोकांसाठी पायरी पायरीने

बाल्डर्स गेट ३ हा रोल-प्लेइंग गेम नवीन घेतला की पहिला प्रश्न बहुतेक सगळ्यांना हाच पडतो, गुड रन करू (म्हणजे अख्खा गेम चांगलं वागत खेळू) का इव्हिल, आणि दुसरा म्हणजे मी आत्ता किती चांगला किंवा किती वाईट झालोय हे गेममध्ये दिसतं कुठे. दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, कुठेच दिसत नाही. मीटर नाही, पॉइंट नाहीत, डोक्यावर शिंगं पण येत नाहीत (म्हणजे विल नावाच्या सोबत्याला येतात, पण ती वेगळी भानगड आहे आणि ती खाली येईलच).

पूर्वी असं नव्हतं. हा गेम ज्यावर बेतलाय त्या डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावरच्या खेळामध्ये १९७४ साली लॉ, न्यूट्रल आणि केऑस अशा तीन बाजू होत्या, पुढे वाढत वाढत त्याच्या नऊ झाल्या, आणि १९९८ चा पहिला बाल्डर्स गेट आला तेव्हा कॅरेक्टर बनवतानाच त्या नऊमधली एक निवडावी लागायची. वर पार्टीची, म्हणजे तुम्ही आणि सोबत्यांच्या टोळीची, रेप्युटेशन १ ते २० अशी आकड्यात. आकडा फार वाढला की दुष्ट सोबती कुरकुर करायचे, फार पडला की सज्जन लोक बॅग उचलून चालायला लागायचे. २०२३ मध्ये लॅरियन या गेम कंपनीने तिसरा भाग काढला त्यात हा सगळा हिशोब पानावरून पुसला, आता गेम तुम्हाला एवढंच दाखवतो की पंधरा-वीस तासांनी कोण जिवंत आहे, कोण तुमच्याशी बोलतंय आणि कोण कायमचं निघून गेलंय. म्हणून खालचं सगळं त्याच अंगाने लिहिलंय. गेमचे तीन ॲक्ट, म्हणजे भाग आहेत, त्यातल्या पहिल्या ॲक्टचे स्पॉयलर भरपूर आहेत, पुढचे गरजेपुरते, ज्यांना काहीच कळून घ्यायचं नाहीये त्यांनी इथेच थांबा.

१. सुरू करायच्या आधी

दीडशे जीबी जागा मोकळी करा, एसएसडीवरच टाका, हे झालं. डिफिकल्टी बॅलन्स्ड ठेवा किंवा डी अँड डी ची अजिबात ओळख नसेल तर एक्सप्लोरर, लाजायचं काही कारण नाही. ऑनर मोडच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नका, त्यात एकच सेव्ह असतो आणि इथे आपल्याला मुद्दाम वेगवेगळं करून बघायचंय.

एफ५ ने क्विकसेव्ह आणि एफ८ ने लोड. पण क्विकसेव्हवर विसंबून राहू नका, मोठ्या निर्णयाच्या आधी नाव देऊन वेगळा सेव्ह करा, "ग्रोव्हच्या आधी", "गॉब्लिन कॅम्पच्या आधी" असं काहीतरी, कारण या गेममध्ये निर्णयाचा परिणाम कधी कधी इतक्या उशिरा समोर येतो की तोपर्यंत ते क्विकसेव्ह केव्हाच मागे पडलेले असतात.

२. माणूस ठरवा, बाजू नंतर

इव्हिल खेळणारे नवीन लोक एकच करतात, दिसेल त्याला मारतात. तासाभरात गाव रिकामं, विकायला लूट आहे पण घ्यायला दुकानदार नाही, क्वेस्ट देणारे मेलेले, आणि मग म्हणतात इव्हिल रन बोअर आहे. अहो, बोअर होणारच ना, तुम्ही गेमच मारून टाकला.

त्यापेक्षा कॅरेक्टर बनवताना एक ओळ मनात पक्की करा की या बाईला किंवा बाप्याला हवंय काय. सत्ता हवीय? जीव वाचवायचाय आणि त्यासाठी कोणालाही विकायची तयारी आहे? पैसा? कोणावर तरी सूड? एवढं ठरलं की समोर पाच ऑप्शन आले तरी निवडायला वेळ लागत नाही. सत्तेचा भुकेला माणूस भिकाऱ्याला उगाच लाथ मारत नाही, त्यात त्याचा फायदा काय? तो गोड बोलतो, उपकार करून ठेवतो आणि वेळ आली की वसूल करतो. आपल्याकडच्या राजकारणावर रोज चहाच्या टपरीवर चर्चा ऐकणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको.

चांगल्यासाठी पण हेच लागू. सगळ्यांना हो म्हणणं म्हणजे चांगुलपणा असं धरून चाललात तर पहिल्याच ॲक्टमध्ये फसाल. उदाहरणार्थ रस्त्यात एका जुन्या टोलनाक्यात काही पॅलॅडिन (शपथ घेतलेले योद्धे) भेटतात, टिर देवाचं नाव घेतात, म्हणतात एक राक्षसीण मोकळी फिरतेय तिला मारून या. ती राक्षसीण म्हणजे पुढे तुमची सोबती होऊ शकणारी कार्लाक, अख्ख्या गेममधला सगळ्यात दिलदार जीव, आणि हे पॅलॅडिन खोटे. विलला पण तिलाच मारायचं काम दिलेलं असतं. तिच्याशी आधी बोला. तिला सोडलं की विलच्या मालकिणीचा, म्हणजे मिझोराचा, करार मोडतो आणि शिक्षा म्हणून विलला शिंगं येतात, ती हीच. म्हणजे चांगलं वागल्याची किंमत तुमच्या मित्राने मोजली. असे प्रसंग लॅरियनवाले बरोब्बर काढतात.

क्लासचं, म्हणजे कॅरेक्टरच्या पेशाचं म्हणाल तर पहिल्यांदा करिष्मावाला (बोलण्यात छाप पाडणारा) घ्या, बार्ड, वॉरलॉक, सॉर्सरर किंवा पॅलॅडिन. बोलून काम काढता आलं पाहिजे, दोन्ही बाजूंनी. नुसता मारामारीवाला फायटर घेतला तर पटवून देण्याचे चेक (फासा टाकून ठरणाऱ्या परीक्षा) फसत राहतात आणि मग चांगलं वागायचं असूनही तलवार काढावी लागते. क्लास नाहीच आवडला तर विदर्स नावाचा सांगाडा तुमच्या मुक्कामाच्या कॅम्पमध्ये येतो, १०० सोन्यात क्लास बदलून देतो, त्यामुळे फार डोकं लावू नका.

कॅरेक्टर बनवताना डार्क अर्ज नावाचा एक ओरिजिन (पूर्वेतिहास) दिसेल, डोक्यात सतत खुनाचे विचार येणारा. भारी लिहिलाय, माझ्या मते गेममधली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे, आणि गंमत म्हणजे ती चांगल्या मनाने, त्या विचारांशी झगडत खेळली तर अजून रंगते. पण पहिल्या वेळी नको. त्यात एका रात्री तुमच्या हातून एक खून होतोच, तुम्हाला विचारत नाहीत, आणि ज्याची ओळखच नाही त्याच्या मरणाचं काही वाटत नाही. एकदा साधा कॅरेक्टर खेळा, माणसं ओळखीची होऊ द्या, मग डार्क अर्ज.

३. एमराल्ड ग्रोव्ह, पहिली खरी परीक्षा

गेम सुरू होतो तेव्हा तुम्ही एका उडत्या जहाजात कैदी असता, ते जहाज पडल्यावर थोडं फिरलात की ग्रोव्हचं, म्हणजे जंगलातल्या एका वस्तीचं, फाटक येतं. आत ड्रुइड (निसर्गाचे पुजारी) राहतात, आणि त्यांच्या आश्रयाला आलेले टीफ्लिंग (शिंगवाली माणसं) निर्वासित. ड्रुइडांचा म्होरक्या हॅल्सिन गायब आहे, त्याच्या जागी कागा बसलीय आणि तिला या पाहुण्यांना बाहेर काढून फाटक कायमचं बंद करायचंय. बाहेर गॉब्लिन, म्हणजे लुटारू ठेंगू राक्षस. निर्वासितांचा पुढारी झेवलॉर हात जोडतोय की काहीतरी करा.

इथे अराबेला नावाच्या पोरीचा सीन आहे, तो नीट खेळा कारण पुढचे शंभर तास गेम कसा चालणार हे त्या पाच मिनिटांत कळतं. पोरीने ड्रुइडांची पवित्र मूर्ती चोरलीय, मूर्ती परत मिळालीय, तरी कागा तिला सोडत नाहीये, कागाची नागीण टीला फणा काढून पोरीसमोर. तुम्ही मध्ये बोललात की वीस बाजूंचा फासा पडतो. पटवून सांगू शकता, धमकावू शकता, किंवा सरळ म्हणू शकता की चोर आहे, कोंडा तिला. चेक फसला आणि पोरगी घाबरून पळाली की नागीण चावते आणि पोरगी जागच्या जागी मरते. कोणतंही संगीत वाजून "तुम्ही आता वाईट आहात" असं सांगत नाही. बाहेर आलात की आईबाप उभे असतात आणि त्यांना तुम्हीच सांगायचं. पोरगी वाचली तर आई गळ्यातलं लॉकेट काढून देते, आणि दुसऱ्या ॲक्टमध्ये अंधारात चालताना तीच अराबेला परत भेटते, तिची वेगळीच गोष्ट सुरू होते. मेली तर तिथे कोणीच भेटत नाही. आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याला कळत पण नाही की इथे कोणीतरी असायला हवं होतं.

चेक पास करायच्या युक्त्या इथेच सांगून ठेवतो. जो बोलतो त्याचा करिष्मा धरला जातो, तेव्हा बोलायला योग्य माणूस पुढे करा. डायलॉगच्या फाशाच्या स्क्रीनवर खाली बोनस लावता येतात, तिथे क्लेरिकचा गाइडन्स हा स्पेल लावला की १ ते ४ जास्त मिळतात, फुकट आहे, दर वेळी लावा. इन्स्पिरेशन (खेळताना मिळणारी जादा संधी) असेल तर फासा परत टाकता येतो, पण जास्तीत जास्त चारच साठतात, चार झाले की वापरून टाका, पुढचा वाया जातो. आणि २० पडला की पास, १ पडला की नापास, मग बोनस कितीही असो.

इव्हिल खेळणाऱ्याने इथे काय करावं? पोरगी मेली काय जगली काय याने तुमचा फायदा होत नाही, तेव्हा तुमचा माणूस कसा आहे त्यावर जा. पण कागा कामाची आहे. तिची पेटी गुपचूप उघडून बघा, ती कोणाशी हातमिळवणी करून बसलीय याचा धागा तिथे सापडतो. चांगल्याने ते पुरावे घेऊन तिला सुधारायचं, वाईटाने हातात ठेवायचे.

जाता जाता, पुढच्या पडक्या गावात पवनचक्कीला बांधलेला एक नोम दिसेल, बार्कस. गॉब्लिन पळवून लावल्यावर दोन दांडे दिसतात, एकावर ब्रेक, दुसऱ्यावर रिलीज ब्रेक. घाईत दुसरा ओढलात तर बार्कस आकाशात, कायमचा. तो पुढे तिसऱ्या ॲक्टपर्यंत लागतो, तेव्हा चांगला रन असेल तर ब्रेकवालाच दांडा.

४. गॉब्लिन कॅम्प, इथे वाटा फुटतात

त्या जहाजावर तुमच्या डोक्यात एक अळी घातलेली असते म्हणून गॉब्लिन तुम्हाला आपल्यातलंच समजून आत सोडतात, मारामारी न करता. आत तीन पुढारी, मिंथारा, ड्रोर रॅग्झलिन आणि गट नावाची पुजारीण. हॅल्सिन पण इथेच, अस्वल बनून पिंजऱ्यात.

चांगली वाट म्हणजे हॅल्सिनला सोडवायचं आणि तिघांचा निकाल लावायचा. एकदम अख्ख्या कॅम्पला अंगावर घेऊ नका, लेव्हल तीन-चारला चोपून काढतील. बाहेर दारूचं मोठं पातेलं आहे त्यात विष घाला, निम्मे तिथेच आडवे. ही गट तुम्हाला वेगळ्या खोलीत नेऊन एकटी भेटते तेव्हा तिथेच काम उरका. पुढाऱ्यांना एकेकटं गाठलं की मग सोपं.

वाईट वाट म्हणजे मिंथाराला ग्रोव्ह कुठे आहे ते सांगायचं आणि हल्ल्यात तिच्या बाजूने उतरायचं. फाटकापर्यंत गेलात तरी ऐन वेळी बाजू बदलता येते बरं का, तिला तिथवर आणून टीफ्लिंगांच्या बाजूने लढायचं, काही चांगले लोक पण मुद्दाम असंच करतात कारण मोकळ्या जागेत आणि सोबतीला माणसं असताना तिच्याशी लढणं बरं पडतं.

आता किंमत ऐका. ग्रोव्ह उडवला की विल आणि कार्लाक तुम्हाला सोडून जातात, परत येत नाहीत. हॅल्सिन मिळत नाही. डॅमन नावाचा लोहार मेला, आणि पुढे चांगलं सामान विकणारा तो एक मोठा दुकानदार होता. दुसऱ्या ॲक्टमध्ये टीफ्लिंगांच्या ज्या ज्या क्वेस्ट आहेत त्या सगळ्या गेल्या. त्या बदल्यात काय, तर सोबती म्हणून एक मिंथारा, एक जल्लोष गॉब्लिनांबरोबर आणि थोडी लूट. माझं स्पष्ट मत, हा सौदा तोट्याचा आहे, आणि लॅरियनने इव्हिलवाल्यांना पहिल्या ॲक्टमध्ये जरा उपाशीच ठेवलंय.

आता खरी युक्ती. नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या पॅचपासून मिंथाराला न मारता फक्त बेशुद्ध केलं तरी ती पुढे दुसऱ्या ॲक्टमध्ये भेटते आणि पार्टीत घेता येते. पॅसिव्हच्या टॅबमध्ये नॉन-लीथल अटॅक असा एक टॉगल आहे तो चालू करा, शेवटचा फटका जवळच्या हत्यारानेच बसला पाहिजे, बाण किंवा स्पेलने बसला तर ती मेलीच समजा. आणि टॉगल ज्याच्या हातून शेवटचा फटका बसणार त्याच्यावर चालू आहे ना ते बघा, एकावर चालू करून दुसऱ्याने मारला तर उपयोग नाही. म्हणजे टीफ्लिंग वाचले, विल-कार्लाक सोबत, आणि मिंथारा पण मिळाली. दुष्ट माणसाला याहून जास्त काय हवं.

५. सोबत्यांची मर्जी

तुम्ही काही केलं की वर कोपऱ्यात येतं, अमक्याला पटलं, तमक्याला नाही पटलं. साधारणपणे जे त्या वेळी बरोबर चालतायत त्यांनाच फरक पडतो, कॅम्पात झोपलेल्याला तुम्ही भिकाऱ्याला लुटलंत हे कळत नाही. याचा सरळ उपयोग करा. वाईट काम करायचं असेल तर विल आणि कार्लाकला कॅम्पात ठेवा, ॲस्टेरियन आणि लेझेलला घ्या. ॲस्टेरियनला कुरापती आवडतात, दुबळ्यांची मदत केली की तोंड वाकडं करतो. लेझेलला सरळ आणि ठाम बोलणारा आवडतो, गुळमुळीतपणा नाही. शॅडोहार्ट बाहेरून कडक दाखवते पण उगाच केलेला क्रूरपणा तिला खपत नाही, हे नवीन लोकांना उशिरा कळतं. गेलला समजूतदारपणा आणि जादूच्या वस्तू.

सगळ्यांना एकाच वेळी खूश ठेवणं जमत नाही, नादाला लागू नका. आणि लाँग रेस्ट (कॅम्पात रात्रभराची झोप) घेत जा! सोबत्यांचे सीन रात्री कॅम्पातच होतात, लोक जेवण वाचवायला झोपतच नाहीत आणि मग म्हणतात माझ्याशी कोणी बोलत नाही. बॅलन्स्डला एका रेस्टला ४० सप्लाय (खाण्यापिण्याचं सामान) लागतात, पोत्याने मिळतात.

६. पॅलॅडिन, चोरी आणि मेलेले लोक

पॅलॅडिन घेतलात तर तुमच्यावर वेगळं ओझं आहे, शपथ. निरपराध माणसाला मारलंत, शपथेच्या विरुद्ध काही केलंत की शपथ तुटते, रात्री कॅम्पात एक काळा शूरवीर येऊन उभा राहतो. १००० सोनं देऊन शपथ परत घेता येते, किंवा तुटलेलीच ठेवून ओथब्रेकर व्हायचं. इव्हिलसाठी हा क्लास एकदम फिट आहे, आणि सज्जन पॅलॅडिन हळूहळू ढासळत गेला अशी गोष्ट खेळायची असेल तर यापेक्षा चांगली सोय नाही.

चोरी चांगल्या रनमध्ये पण सगळेच करतात, उगाच साधू बनू नका. वस्तूवर लाल खूण दिसली म्हणजे ती कोणाची तरी आहे. खिसा मारायचा तर एकाने दुकानदाराला बोलण्यात गुंतवायचं, दुसऱ्याने मागून वाकून मारायचा आणि लगेच लांब पळायचं, कारण चोरी लक्षात आल्यावर तो आसपासच्यांना गाठून विचारतो.

आणि एक मजेची गोष्ट. मेलेल्याशी बोलायचा स्पेल आहे, पण ज्याने मारलं त्याच्याशी प्रेत बोलत नाही. मग डिसगाइझ सेल्फ टाकून चेहरा बदलून या, बोलतं. खुन्यासाठी याहून सोयीचं काय असणार.

७. पुढचे ॲक्ट, थोडक्यात

दुसऱ्या ॲक्टमध्ये लास्ट लाइट नावाची सराय आहे, तिथल्या इसोबेलला काही झालं की सरायमधले जवळजवळ सगळे जातात, दुकानदारांसकट. तेव्हा इव्हिल असाल तरी आधी तिथली खरेदी आणि क्वेस्ट आटपा, मग काय करायचं ते करा. तिच्या खोलीत गेलात की मारामारी अंगावर येऊ शकते, वर जायच्या आधी सेव्ह आणि पूर्ण रेस्ट. शॅडोहार्टचा एक मोठा निर्णय पण याच ॲक्टमध्ये येतो, तिथे तिची मर्जी आधीपासून चांगली असेल तर तुम्ही गप्प राहून तिला ठरवू देणं हा पण एक पर्याय आहे, आणि तो मला सगळ्यात आवडतो.

तिसऱ्या ॲक्टमध्ये ॲस्टेरियनचा मालक कॅझडोर हा व्हॅम्पायर भेटतो. ॲस्टेरियनला सर्वशक्तिमान करायचं तर ७००० जीव बळी जातात. त्याला ते हवं असतं, आणि आतापर्यंत तुम्ही मैत्रीत जे काही बोललात त्याचा इथे उपयोग होतो, अडवायला किंवा ढकलायला. डोक्यातल्या अळ्या जास्तीच्या खाल्ल्या म्हणून कोणी तुम्हाला खलनायक ठरवत नाही, पॉवर घ्यायच्या असतील तर घ्या, काही सोबती नाक मुरडतील इतकंच.

अगदी शेवटी सगळं संपतंय असं वाटतं तिथे एक निवड असते, या अळ्यांमागच्या ताकदीचा नाश करायचा की ती स्वतःच्या हातात घ्यायची. सप्टेंबर २०२४ च्या सातव्या पॅचमध्ये दुष्टांसाठी नवीन शेवट घातलेत, आधीचे फारच आखूड होते. त्या निवडीच्या आधी नाव देऊन सेव्ह करा, आधी तुमच्या माणसाला शोभेल तो शेवट बघा, आणि मग लोड करून दुसरा.